भोपळा आतून

न्यू जर्सीतल्या एका घराच्या पायरीवर २४ ऑक्टोबरला एक भोपळा बसला होता. बसला म्हणजे अक्षरशः खाली बसला होता. सहाच दिवसांपूर्वी त्याला डोळे, नाक आणि दातांनी गच्च भरलेलं तोंड कोरलं होतं. आता वरचे दात आत वळले होते, गाल खचले होते, झाकण घसरून पोटात पडलं होतं आणि तोंडाच्या आत करड्या बुरशीची मऊ लव आली होती. शेजारी उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "आई, ह्याची कवळी पडली का गं?" आई हसली आणि कचऱ्याची पिशवी आणायला वळली. "टाकून देऊ आता. शनिवारी दुसरा आणू." मुलगा तिथेच उभा. म्हणाला, "पण ह्याच्यात दिवा लावलाच नाही अजून."

हॅलोविन, म्हणजे कोरलेल्या भोपळ्यात दिवा लावून तो दारात ठेवायचा अमेरिकेतला सण, ३१ ला. भोपळा २४ लाच आटोपलेला.

दरवर्षी अशा पायऱ्या दिसतात आणि दरवर्षी दोष हवेला दिला जातो. हवेचा दोष असतोच. दुपारी ऊन वीस अंशांच्या वर गेलं की कोरलेला भोपळा तीन-चार दिवसांवर टिकत नाही. थंडी दहाच्या खाली राहिली तर आठवडाभर तग धरतो. म्हणून भोपळा लवकर आणावा आणि उशिरा कापावा. सालीला चीर नसलेला अख्खा भोपळा कोरड्या सावलीत महिनाभर सहज बसतो, पण पहिला कट पडला की त्याचे दिवस मोजायला घ्यायचे. कोरायची तारीख २८ किंवा २९. पण पायरीवरच्या त्या भोपळ्याची खरी कहाणी आत दिसत होती. भिंतीला ओले तंतू तसेच लोंबत होते, तळाशी बियांचा गाळ होता आणि झाकणाच्या खालच्या बाजूला गराचा गोळा चिकटलेला होता. बुरशीने सुरुवात तिथूनच केली होती. चेहरा बाहेरून छान कोरला होता, आतलं काम मात्र अर्ध्यावर सोडलेलं. हे बहुतेक घरांत होतं, कारण मोठ्या माणसांना चेहऱ्याची घाई असते.

दुकानाबाहेर किंवा शेतावर जे नारिंगी ढीग लागतात त्यांत 'हाउडन' नावाच्या जातीची संख्या मोठी असते. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने ती निवडून निवडून घडवली. उभट अंग, गडद रंग, भक्कम देठ. थोडक्यात, हा भोपळा दिसण्यासाठी वाढवलेला, चवीसाठी नव्हे. निवडताना मुलांना आकार बघू द्यावा, मोठ्यांनी बूड बघावं. बूड सपाट नसेल तर पुढे सुरी चालवताना तो गडगडतो आणि अपघात तिथेच होतो. सालीत नख दाबून बघायचं; नख रुतलं तर भोपळा कोवळा. देठाभोवती आणि बुडाशी अंगठ्याने चाचपायचं, कुठे मऊ लागला तर तो घ्यायचा नाही. एका बाजूला फिकट चट्टा असतो, ती नुसती जमिनीवर टेकलेली बाजू, त्यात काही वाईट नाही. आणि देठ म्हणजे मूठ नव्हे. मुलं हटकून देठाला धरून भोपळा उचलतात, देठ तुटतो आणि त्या जखमेतून कूज शिरते. लहान मुलांसाठी पाच-सहा किलोचा पुरतो. उंची साधारण अशी हवी की मुलाचा हात आत घातला तर बोटं तळाला टेकतील.

आता झाकण. भोपळा वरून उघडायचा की खालून, यावर दोन तट आहेत. खालून उघडलं तर वरचा घुमट अखंड राहतो, झाकण सुकून आत पडण्याचा प्रश्नच नाही, आणि दिवा जमिनीवर ठेवून वर भोपळा टोपीसारखा घालता येतो. एकट्या मोठ्या माणसासाठी हीच पद्धत बरी. मुलं सोबत असली तर वरूनच उघडावा, कारण त्यांना आत डोकावायचं असतं, आणि उलट्या भोपळ्यात डोकावण्यात ती मजा नाही. भोक चांगलं पंधरा-सोळा सेंटिमीटरचं ठेवायचं. लोक कंजूषपणा करून चहाच्या बशीपेक्षाही लहान भोक पाडतात, मग आत चमचा वळत नाही. सुरी सरळ खाली घालायची नाही. टोक भोपळ्याच्या मध्याकडे तिरकं, अंदाजे पंचेचाळीस अंशांत. तिरक्या कापामुळे झाकणाला कड मिळते आणि ते त्या कडेवर बसतं. पायरीवरच्या भोपळ्याचं झाकण सरळ कापलेलं होतं. दोन दिवसांत ते आक्रसलं आणि डबक्यात दगड पडावा तसं आत गेलं. मागच्या बाजूला एक छोटी त्रिकोणी खाच ठेवली की झाकण दर वेळी एकाच जागी बसतं. ही खाच मुलांना फार आवडते. झाकण काढून लावणं हा स्वतंत्र खेळ होतो. झाकण कापण्याचं काम मात्र पूर्णपणे मोठ्यांचं, आणि त्या वेळी मुलं टेबलापासून हातभर लांब.

मग झाकण उचललं जातं, आत गच्च धरून बसलेले तंतू ताणले जाऊन सुटतात आणि वास येतो. कच्च्या काकडीचा, ओल्या मातीचा, थोडासा कलिंगडाच्या सालीचा. एखादं मूल "शी" म्हणून हात मागे घेतं, दुसरं कोपरापर्यंत आत शिरतं. आधी नुसत्या हातांनी सुरुवात करायची. जाळी मुठीत धरून ओढली की बियांसकट लांबलचक गुंता बाहेर येतो, थंड आणि बुळबुळीत. तो एका मोठ्या पातेल्यात टाकायचा, कागदावर नाही. कागद भिजून फाटतो आणि बिया जमिनीवर सगळीकडे निसटतात. जाळी निघाली की आतली भिंत ओलसर, केसाळ दिसते. बरेच जण इथेच थांबतात.

खरं काम इथून पुढे. भिंत बहुधा चार-पाच सेंटिमीटर जाड असते. जिथे चेहरा यायचा ती बाजू अडीच सेंटिमीटरपर्यंत खरवडून पातळ करायची. बाकीच्या बाजू आणि बूड जाडच राहू द्यायचे, ते वजन पेलतात. पातळ का करायची? जाड भिंतीत करवत अडकते, वाकते, मुलाच्या हातात तर मोडतेच. शिवाय डोळा कोरला तरी तो बोगद्यासारखा खोल राहतो आणि दिव्याचा उजेड बाहेर न येता त्यातच अडतो. पण दीड सेंटिमीटरच्या खाली गेलं तर भिंत झपाट्याने सुकते आणि दात बाहेर किंवा आत वळायला लागतात. हत्यार म्हणाल तर वरणाचा डाव इथे चालत नाही, त्याची कड बोथट आणि गोल. आइस्क्रीमचा जाड स्कूप किंवा भोपळ्यांसाठी मिळणारी चपट्या कडेची खरवडणी घ्यावी. पोह्यांचे पातळ चमचे दहा मिनिटांत मानेत वाकतात. जाडी मोजायला दंतकाडीवर अडीच सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि ती आतून टोचायची. याहून मजेदार उपाय म्हणजे खोलीतले दिवे घालवून आत टॉर्च धरायचा. जिथे भिंत पातळ झाली तिथे साल आतून उजळते, जिथे जाड आहे तिथे काळोख. मुलांना हे एकदा दाखवलं की ती आपणहून काळे डाग शोधून खरवडत बसतात.

आपल्याकडच्या मुलांना हे काम नवं नाही, फक्त भांडं वेगळं आहे. दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड काढायला ज्या घरात भांडणं होतात, त्या घरात भोपळा खरवडायला माणूस शोधावा लागू नये. हे काम तासभर चालतं, त्यात धार नाही, रक्त नाही, चुकण्यासारखं फारसं काही नाही, आणि भोपळ्याचं आयुष्य त्याच्यावरच ठरतं. तरीही घरोघरी उलटंच दिसतं. बाबा घाईघाईने आत साफ करून टाकतात आणि मग सहा वर्षांच्या पोराच्या हातात करवत देऊन फोटो काढतात.

खरवडण्याचे श्रम काय असतात हे आयर्लंडमधल्या लोकांना विचारावं. तिकडे हा दिवा मूळचा भोपळ्याचा नव्हताच, सलगमाचा होता. सलगम आतून भरीव, लाकडासारखं घट्ट. पोकळी जी काही हवी ती चमच्याने उकरूनच करायची. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या शाखेत डोनेगलमधल्या फिनटाउनच्या अशा एका सलगमाचा प्लास्टरचा साचा ठेवला आहे. खोल गेलेले डोळे, तोंडात दोन-चार दात, एकूण अवतार असा की मोठ्या माणसानेही रात्री दार उघडू नये. साचा घ्यावा लागला कारण मूळ सलगम मोडकळीला आलं होतं. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेत आली आणि त्यांना तिथे आयताच पोकळ, आयताच नारिंगी, डोक्याएवढा भोपळा मिळाला. तो तिथलाच; मेक्सिकोच्या ओहाका भागातल्या एका गुहेत या जातीच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. सलगम उकरून बोटं दुखलेल्या माणसाने पहिल्यांदा भोपळ्याचं झाकण उचललं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल! आपल्या म्हातारीच्या गोष्टीतला भोपळा आतून कुणी आणि कशाने कोरला, हे मात्र कुठलीच आजी सांगत नाही. तो थेट टुणूक टुणूक करत रस्त्याला लागतो.

चेहरा काढण्याचं काम मुलांचं, आणि इथे मोठ्यांनी हात मागे बांधावेत. ओल्या फडक्याने पुसलं जाणारं पांढऱ्या फळ्याचं मार्कर द्यावं, म्हणजे दहादा पुसून काढता येतं. साल आधी कोरडी पुसावी, दमट सालीवर शाई धरत नाही. नक्षी कागदावरून उतरवायची असेल तर कागद चिकटवून रेषेवर तीन-चार मिलिमीटरवर टाचणीने टोचत जायचं, कागद काढायचा आणि वरून चिमूटभर पीठ चोळायचं. भोकांत पीठ भरून नक्षी उमटते. ज्यांनी वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडून रांगोळीचे ठिपके उमटवले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. मोठ्यांनी पाहायचं ते एवढंच की काही अधांतरी राहत नाही ना. मुलं डोळ्यात गोल बुबुळ काढतात. भोवतीचं कापलं की बुबुळाला आधार कसला? ते पडतंच. त्याला एका बाजूने दोन बोटांचा पूल ठेवावा लागतो. दातांचंही तसंच. प्रत्येक दात हिरडीला धरून असला पाहिजे, आणि दोन कापांच्या मध्ये निदान दीड-दोन सेंटिमीटर भिंत उरली पाहिजे. टोकदार बारीक दात कागदावर भयंकर दिसतात, भोपळ्यात सगळ्यात आधी तेच सुकून वळतात. रुंद, चौकोनी दात टिकतात. सहा वर्षांच्या मुलाने स्वतः काढलेले दात बहुधा असेच असतात.

कोरताना आधी बारीक काम, मग मोठं. आधी नाक आणि डोळे, तोंड सगळ्यात शेवटी, कारण तोंड उघडलं की पुढच्या भिंतीची ताकद निम्मी होते आणि मग डोळ्यांवर दाब दिला तर चीर जाते. स्वयंपाकघरातली मोठी सुरी नको. ती आत जायला जोर लागतो, मग एकदम सुटते आणि पलीकडे निघते, जिथे बहुतेक वेळा दुसरा हात भोपळा धरून असतो. बारीक दात्यांची छोटी करवत दिसायला खेळण्यासारखी, पण कामाची. ती सालीला काटकोनात धरून लहान लहान वर-खाली हेलकावे द्यायचे, पिळायची नाही. कोपरा आला की वळवायची नाही. बाहेर काढून नव्या दिशेने पुन्हा खुपसायची. पाती तुटतात ती कोपऱ्यात वळवल्यामुळेच. तुकडा निघत नसेल तर करवतीने उचकटू नये, बोटाने आत ढकलावा. मोठा असेल तर दोन भाग करून काढावा. आठ-नऊ वर्षांचं मूल शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या नजरेखाली हे करू शकतं. त्याहून लहानांसाठी खरवडणं, काढणं आणि तुकडे ढकलणं आहेच. एक गोष्ट कुणीच करू नये: बाहेरून करवत चालू असताना आत हात घालून आधार देणं. आणि हात कोरडे हवेत. गराचा रस सुकला की काहींच्या हातांची त्वचा ताणल्यासारखी होते, खाजते. आधी थोडं खोबरेल लावून, पुसून बसलं तर त्रास कमी.

दात तुटला तर रडू नये. दंतकाडी अर्धी मोडून एक टोक दातात, एक हिरडीत, झालं.

मग ब्लीचचं पाणी. ४ लिटर थंड पाण्यात १ मोठा चमचा ब्लीच घालून भोपळा काही मिनिटं त्यात बुडवायचा आणि उपडा ठेवून निथळू द्यायचा. हे काम मोठ्यांचं. बुरशीला थोडी खीळ बसते, संपूर्ण नाही. कापलेल्या कडांना व्हॅसलीन फासलं की ओल लवकर उडत नाही. दोन दिवसांनी चेहरा सुरकुतला तर थंड पाण्यात तीन-चार तास तोंड खाली करून बुडवून ठेवावा. पेशी पाणी पितात आणि गाल पुन्हा भरून येतात. असं एकदाच जमतं. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर भोपळा आत घ्यावा, कारण गोठलेल्या गराच्या पेशी फुटतात आणि सकाळी ऊन लागलं की सगळं एकदम बसतं.

मिरजेत तंबोऱ्यासाठीही भोपळाच कोरतात. पंढरपूरच्या बाजूला पिकणारा तो कडू भोपळा आधी महिनोन्‌महिने वाळू देतात. पाणी उडून गेलेलं, साल लाकडासारखी झालेली. मग कापून आतला सुकलेला गर आणि बिया काढतात. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या षड्ज उमटत राहतो. पूर्वी नदीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीला बांधायचा भोपळाही तसाच वाळलेला असे. पायरीवरचा भोपळा याच घराण्यातला, पण त्याच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. तो ओलाच कापायचा, ओलाच पेटवायचा. कितीही व्हॅसलीन फासा, त्याचा तंबोरा होणार नाही.

दिवा कुठला, हा प्रश्न मुलांच्या घरात तरी मिटलेला असावा. बॅटरीवरचा. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर झगे, शेपट्या, कागदी पंख घालून पोरं वाकत असतात, आणि उघडी ज्योत त्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर असते. मेणबत्तीच हवी असा हट्ट असेल तर झाकणाला धुराडं पाडावं लागतं, नाहीतर ती गुदमरून विझते. आणि तिच्या उष्णतेने झाकण आतून शिजतं, भाजीचा वास येतो, कूज एका रात्रीने पुढे सरकते. २०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी पायऱ्यांवर त्या संध्याकाळी पणत्या आणि भोपळे शेजारी होते. पहाटे अभ्यंगस्नान आटोपून अंगठ्याखाली कारिट चिरडायचं, आणि संध्याकाळी कारिटाच्याच कुळातल्या थोरल्या भावाला डोळे कोरून दारात बसवायचं. दुकानाच्या दाराला दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला कोहळा ज्याने पाहिला आहे त्याला दारातल्या भोपळ्याचं कारण कुणी सांगायला लागत नाही.

पातेल्यातल्या बिया तशाच सुकू देऊ नयेत, मग तंतू सुटत नाहीत. ओल्या असतानाच पाण्यात चोळल्या की बिया वर तरंगतात, गर खाली बसतो. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, निथळून, फडक्यावर पूर्ण कोरड्या करून, थोडं तेल, तिखट, जिरेपूड लावून ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला पंधराएक मिनिटं. उकळायचा कंटाळा केला तर टरफल चिवट राहतं. गराचे मात्र घारगे करायला जाऊ नये. दरवर्षी कुणीतरी जातंच. कोरायच्या भोपळ्याचा कीस गुळाबरोबर शिजवला की पातेलंभर पाणी सुटतं, ते शोषायला कणीक वाढत जाते आणि घारगा चामड्यासारखा होतो. त्यापेक्षा डब्यातला भोपळा आणावा. तो बहुतांशी इलिनॉयमधल्या मॉर्टन गावाच्या आसपासचा, डिकिन्सन जातीचा, आणि ती जात आपल्या लाल भोपळ्याच्या, डांगराच्या सख्ख्या नात्यातली. त्यात गूळ विरघळवायचा, वेलदोडा, चिमूटभर मीठ, चमचाभर तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब नको.

हॅलोविन झालं की भोपळा मुलांसमोरच मोडावा, गुपचूप कचऱ्यात टाकू नये. बॅटरी काढून, तुकडे करून अंगणाच्या कोपऱ्यात मातीत पुरला तर थंडीभर कुजतो. चुकून राहिलेल्या बियांतून जूनमध्ये वेल येतो, आणि मधमाश्यांनी आदल्या उन्हाळ्यात त्याच्या आईवर झुकिनीचा पराग टाकला असेल तर त्याला भलतंच काहीतरी लागतं: लांबट, हिरव्या पट्ट्यांचं, ना भाजीचं ना दिव्याचं.

त्या न्यू जर्सीच्या पायरीवर २४ तारखेचा भोपळा उचलला तेव्हा खाली ओला, नारिंगी गोल डाग उरला. भोपळ्याखाली पुठ्ठा ठेवला असता तर तो पडला नसता. ब्लीचने घासून फिका झाला, गेला नाही. शनिवारी दुसरा भोपळा आला. तो चार दिवस अख्खाच ठेवला. २९ च्या संध्याकाळी दार उघडं होतं आणि आत जमिनीवर पातेलं, स्कूप, टॉर्च असा पसारा दिसत होता. मुलगा कोपरापर्यंत आत, आई करवत घेऊन नुसती वाट बघत बसलेली. अंधार पडल्यावर भोपळा बाहेर आला: चार चौकोनी दात, एक डोळा दुसऱ्यापेक्षा बराच वर. आईने तो पायरीच्या स्वच्छ कोपऱ्यात ठेवला. मुलाने दोन्ही हातांनी ढकलत ढकलत तो बरोब्बर त्या जुन्या डागावर आणला, झाकण फिरवून खाच जुळवली, आणि मग खालचं बटण शोधायला लागला.